स्केल एकास पन्नास

खात्याची सुरुवात दोन शेडांत झाली.
आधी तिथं कोकोची पोती रचायचे;
पहिल्या तुकडीच्या नकाशांना
शेवटपर्यंत तो आंबूस वास राहिला.
अकरा पोरं, सात टेबलं,
आणि एक हंगेरियन मास्तर, बार्टोश.
सूर्य इकडे नेमका कुठून कुठे जातो
ते त्याला पहिले सहा महिने आम्हीच सांगत होतो.

मी न्तिआमोआ. छपाईच्या खोलीतला.
अमोनियाचं मशीन माझ्या ताब्यात,
म्हणून डोळे कायम ओले.
पोरांना वाटायचं, हा माणूस
प्रत्येक नकाशावर रडतो.
काही नकाशे होतेही तसे.

शेवटच्या वर्षाचा विषय ठरलेला:
'आपल्या विभागाची इमारत'.
सरकार पैसे देणारच होतं, पुढच्या अर्थसंकल्पात.
तोवर पोरांचा हात बसेल,
असं म्हणून बार्टोश मायदेशी गेला.
पुढचा अर्थसंकल्प आलाच नाही.
सत्ता उलटली, परत उलटली,
सेडीच्या नोटेवर शून्यं वाढत गेली,
फळ्यावरचा विषय कुणी पुसला नाही.

दर जूनला माझ्या खोलीत इमारती यायच्या
एकास पन्नासच्या.
पुठ्ठ्याच्या, बाल्साच्या,
आणि बाल्सा बंदरातच अडकला त्या वर्षी
रॅफियाच्या देठांच्या.
एकीच्या अंगणात ओडुमचं झाड,
खोड काडेपेटीच्या काड्यांचं.
एक नुसतीच जाळ्यांची,
हरमॅटनची धूळ पहिल्या सकाळीच
आत येऊन पाय पसरून बसेल अशी.
मी तसं बोललो. परीक्षक म्हणाले, तू छपाई बघ.

सेरवा बोआतेननं तेवढी
छपाईच्या खोलीला खिडकी दिली होती.
चव्वेचाळीस वर्षांत ती एकटीच.
सगळे गेल्यावर मी तिच्यातून दोन बोटं घालून पाहिली.
बोटांना काय कळणार म्हणा.

मग खातं वाढलं. नगररचना आली,
मुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह आलं,
नववा विभागप्रमुख आला आणि संगणक.
एका पावसात अमोनियाचं मशीन
दोघांनी धरून भंगारात नेलं.
महिनाभर माझे डोळे कोरडे, मला नीट दिसेना.
मला मॉडेलांच्या कोठाराची किल्ली दिली.
एकोणऐंशीची अख्खी तुकडी वाळवीनं खाल्ली होती.

आणि इमारत झाली.
कर्ज बाहेरच्या बँकेचं, नकाशा राजधानीतून
तयार, सही-शिक्क्यानिशी आलेला.
पश्चिमेला तीन मजले नुसती काच.
पायाचा खड्डा खणताना पोरं कठड्याशी उभी,
कुणी काही विचारत नव्हतं,
कुणाला काही विचारलंही नव्हतं.

सेरवा आता विभागप्रमुख.
उद्घाटनाच्या आदल्या दिवशी कोठारात आली.
वोफा, म्हणाली, मामालाच म्हणतात इकडे वोफा,
सही केली नसती तर कर्ज परत गेलं असतं.
मी म्हणालो, दिवा त्या बाजूला आहे.
ती बराच वेळ मॉडेलं बघत हिंडली.
प्रवेशदालनात काचेच्या पेटीत एक ठेवायचं होतं,
एकच, पेटी तेवढीच आणली होती.
किती आहेत ही?
दोनशे साठ, वाळवीची सोडून.
गुणिले पन्नास तू कर.

स्वतःचं तिनं शोधलं नाही.
मीही सांगितलं नाही
की त्यात मी चष्मा ठेवतो,
आणि छपराखाली पालीनं अंडी घातलीत.
रॅफियाचं नेलं. पुसून दिलं मी.

दुपारी दोननंतर त्या इमारतीत
कुणी बसू शकत नाही.
टेबलं ओढून पोरं जुन्या शेडमध्ये येतात,
घामेजल्या हातांनी ट्रेसिंग चिकटतं तेव्हा
भिंतीतून अजून थोडा कोको सुटतो.

यंदा फळा पुसला.
नवा विषय सेरवाच्या अक्षरात:
'आपल्या इमारतीला पश्चिमेची सावली'.
एक पोरगा मला विचारायला आला,
डिसेंबरात सूर्य किती खाली उतरतो इथं?
त्याला बाहेर नेऊन दाखवलं.
मग पुठ्ठ्याची मागणी भरली, दोनशे ताव,
आणि अंड्यांचं बघून
चष्म्याला दुसरी जागा केली.